हे उत्तर कसं आलं?

आमच्या इमारतीत पहिली ते चौथीत शिकणारी मुले असलेल्या घरांमध्ये संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जे चालते, ती शाळेचीच दुसरी पाळी असते. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पाळी बदलली तरी यंत्र तेच राहते आणि कामही तेच राहते, बदलतो तो फक्त माणूस. त्याप्रमाणे इथे बाईंच्या जागी आई येते आणि फळ्याच्या जागी जेवणाचे टेबल येते. शाळेत झालेला धडा त्याच पुस्तकातून, त्याच क्रमाने, जरा चढ्या आवाजात पुन्हा होतो. यामागची काळजी खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. माझी लेक तिसरीत आहे, नौपाड्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत जाते. मी स्वतः एका छोट्या कंपनीचे हिशेब सांभाळते, आणि संध्याकाळी घरी पोहोचले की आमचेही टेबल आवरून तयारच असते. तरीही मला असे ठामपणे वाटते की, घराने शाळेची नक्कल केली तर शाळेपाशी नसलेली जी एक गोष्ट घरापाशी असते, नेमकी तीच वाया जाते.

ती गोष्ट म्हणजे एका मुलामागे एक मोठे माणूस. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे, आणि शहरातल्या कित्येक वर्गांत त्याहून जास्त मुले बसतात. तीसच धरली आणि तासिका पस्तीस मिनिटांची धरली, तरी एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरच येते. एवढ्या वेळात बाई उत्तर बरोबर की चूक हे पाहू शकतात, बरोबरची खूण करू शकतात, फार तर चुकीवर गोल काढू शकतात. चुकीचे उत्तर कोणत्या वाटेने आले हे विचारत बसायला त्यांना सवड नसते, आणि हा दोष त्यांचा नाही. घराला ती सवड आहे. म्हणून माझ्या मते घरच्या अभ्यासातला मुख्य प्रश्न ‘उत्तर काय?’ हा नसून ‘हे उत्तर कसं आलं?’ हा आहे.

लेकीच्या वहीत एकदा ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिलेले होते. हे उत्तर निष्काळजीपणाने आलेले नव्हते. तिला विचारले तेव्हा तिने शांतपणे सांगितले, “सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.” मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची असते हे तिला पहिलीपासून सांगितलेले होते, आणि तिने तो नियम प्रत्येक घरात इमानाने पाळला होता. म्हणजे ती नियम मोडत नव्हती, नियम जिथे लागू नाही तिथेही तो लावत होती. अशा मुलाला ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असे म्हटले तर त्याला काहीच कळत नाही, कारण त्याचे लक्ष पूर्ण गणिताकडेच असते. पुढची पंचवीस उदाहरणे सोडवायला दिली तर ते पंचवीस वेळा तोच नियम लावते आणि शेवटी तो पक्का होतो.

आमच्याकडे यावर उपाय फार साधा निघाला. दहा रुपयांच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी टेबलावर ठेवली आणि मी म्हटले, “मला सत्तावीस रुपये दे.” तिने दोन नोटा दिल्या आणि सात नाण्यांसाठी हात पुढे केला, तर नाणी दोनच. क्षणभर माझ्याकडे पाहून तिने एक नोट उचलली आणि म्हणाली, “हिचे सुटे दे ना.” तिला सुटे दिल्यावर तिच्यापुढे बारा नाणी झाली, त्यांतली सात तिने दिली, पाच उरली, आणि नोटा उरल्या दोन. शाळेत जिला हातच्याची वजाबाकी म्हणतात ती तिने स्वतःच्या तोंडाने मागितली. वहीतली पाचावरची काट आणि तिच्या डोक्यावर लिहिलेला बारीक चार म्हणजे ती मोडलेली नोट, हे तिला नंतर सांगावे लागले नाही.

पण घरात आजोबा असतील तर गोष्ट इथे संपत नाही. माझ्या सासऱ्यांची वजाबाकी वेगळी आहे. ते पाचाला हातच लावत नाहीत. वरच्या दोनाचे बारा करतात, बारातून सात वजा करून पाच लिहितात, आणि मग खालच्या दोनात एक मिळवून तीन करतात. पाचातून तीन गेले, दोन. उत्तर पंचवीसच. लेकीला हे अन्यायाचे वाटले. “आजोबा, तुम्ही खालच्याला का वाढवलंत? त्याने काय केलं?” सासऱ्यांना लहानपणी ही रीत कारणाशिवाय शिकवलेली असल्यामुळे त्यांच्यापाशी उत्तर नव्हते, पण कारण शोधण्यासारखे आहे आणि तिसरीतल्या मुलाला समजण्यासारखेही आहे. एक माणूस बावन्न वर्षांचा आहे आणि दुसरा सत्तावीस वर्षांचा, तर दोघांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर आहे. दहा वर्षांनी एक बासष्टचा होईल आणि दुसरा सदतीसचा, पण अंतर पंचवीसच राहील. आजोबांनी वरच्याला दहा सुटे दिले आणि खालच्याला एक दशक दिला, म्हणजे दोघांचीही वये दहा वर्षांनी वाढवली, एवढेच. हे समजल्यावर ती दोन दिवस भेटेल त्याचे वय विचारत होती, हा त्यातला अनपेक्षित खर्च.

अशा वेळी ‘शाळेतली रीतच बरोबर, आजोबांची जुनी’ असे सांगून मोकळे व्हावेसे वाटते, कारण परीक्षेत शाळेची रीत मागतात. वहीत शाळेची रीत लिहावी हे मलाही मान्य आहे. परंतु एकाच उत्तराकडे दोन वाटांनी जाता येते आणि दोन्ही वाटांना कारण असते, हे आठव्या वर्षी कळणे ही किरकोळ कमाई नव्हे.

मराठी घरात संख्यांचा आणखी एक घोळ असतो, आणि तो मुलाच्या डोक्यात नसून आपल्या संख्यानामांत असतो. आपण सव्वीस म्हणताना आधी सहा उच्चारतो आणि मग वीस, पण लिहिताना आधी दोन लिहितो आणि मग सहा. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारे मूल जे ऐकले तेच क्रमाने उतरवत असते. एकोणसाठची गत तर याहून वाईट. मुलाला नऊवाल्या संख्या ‘एकोण’ने सुरू होतात हे ठाऊक झालेले असते, पुढे साठ ऐकू येते, म्हणून ते ६९ लिहिते, त्यात तर्काची चूक शोधून सापडत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकाला एक कमी अशी रचना आहे आणि नव्व्याण्णवला आली की ती रचना अचानक सोडून दिलेली आहे, हे मोठ्यांच्या कधी लक्षातही येत नाही, कारण आपण ही शंभर नावे केव्हा पाठ केली ते विसरून गेलेलो असतो. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला वीस-एक, वीस-दोन अशाच क्रमाने नावे मिळतात. जर्मन मुलांना मात्र आपल्यासारखेच सुटे आधी आणि दशक नंतर म्हणावे लागते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ अशा पद्धतीने संख्या वाचण्याची सोय दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेतही त्यावरून विनोद झाले. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या वेळी बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि जोडाक्षरांनी भरलेली, उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, नव्या पद्धतीसोबत तीही पुस्तकात होती. पण वादाच्या धुरळ्यात ही गोष्ट कोणी फारशी लक्षात घेतली नाही. भाषेवर घाला आला असे मला तेव्हाही वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. लिहिताना घोटाळा होतो आहे असे दिसले की आम्ही घरी ‘पन्नास तीन’ म्हणतो, आणि बाजारात, रिक्षात, आजोबांशी बोलताना त्रेपन्न म्हणतो. त्रेपन्न हा शब्द तिला यावा असे मला मनापासून वाटते, पण तो येईपर्यंत बेरीज अडून राहावी असे वाटत नाही.

शेजारचा इंग्रजी माध्यमातला मुलगा आमच्याबरोबर रिक्षाने येतो, तेव्हा ही अडचण दुसऱ्या बाजूने दिसते. रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. रिक्षावाल्याने “सव्वीस” म्हटले की तो माझ्या कानाशी येऊन विचारतो, “काकू, सव्वीस म्हणजे टू सिक्स की सिक्स टू?” त्याला वजाबाकी येते, पन्नासची नोट दिली तर किती परत येतील हे तो ‘ट्वेंटी फोर’ म्हणून चटकन सांगतो, पण चोवीस हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या घरी सगळे मराठीच बोलतात. अभ्यासाचा विषय निघाला की मात्र आई-बाबा दोघेही इंग्रजीत शिरतात, आणि त्यांचे स्वतःचे इंग्रजी जेवढे आहे तेवढ्यातच समजावणे उरकावे लागते. ‘बॉरो कर, बॉरो कर’ एवढेच त्याला ऐकवले जाते. कोणी कोणाकडून काय उसने घेतले आणि का घेतले, हे त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “वन बॉरो करायचा असतो.” दहा घेतले असताना एक का म्हणायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

शाळेचे माध्यम कोणते असावे या वादात मी इथे पडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि प्रत्यक्षात ठाण्यात काय चालले आहे हे प्रवेशाच्या दिवसांत कोणालाही दिसते. पण ज्या घराने इंग्रजी शाळा निवडली आहे त्या घराने समजावण्याची भाषाही इंग्रजीच ठेवली पाहिजे, असा नियम कोणी केलेला नाही. कल्पना ज्या भाषेत आईला नीट सांगता येते आणि मुलाला नीट विचारता येते, त्या भाषेत ती आधी पक्की व्हावी. तिचे इंग्रजी नाव नंतर एका मिनिटात कळते. उलटे फार कठीण जाते. समजलेली गोष्ट दोन्ही भाषांत सांगता येते, न समजलेली कोणत्याच भाषेत सांगता येत नाही.

पाढ्यांबद्दल मात्र मी जुन्या मताची आहे. ते पाठ असावेत. बे एके बेची चाल ही पाठांतरासाठीच घडलेली आहे आणि तिच्यात मुलांना गंमत वाटते, त्यामुळे ‘घोकंपट्टी वाईट’ म्हणून ती बंद करणे हा दुसऱ्या टोकाचा हट्ट झाला. फक्त सात आठी छप्पन विसरले तर पहिल्यापासून ‘सात एके सात’ म्हणत यावे लागू नये. सात साती एकोणपन्नास आठवते का, मग त्यात आणखी सात मिळव, एवढी एक पळवाट तिला दिली की पाठांतर आणि समज यांचे भांडण उरत नाही.

वाचनात ‘कसं आलं?’ हे विचारण्याची रीत थोडी वेगळी आहे. लेक पहिलीत असताना ‘सूर्य’ हा शब्द ‘सूयर’ असा वाचत असे. रफार दिसतो तो ‘य’च्या डोक्यावर, आणि म्हणायचा असतो ‘य’च्या आधी, जे ज्या क्रमाने दिसते ते त्या क्रमाने वाचणाऱ्या मुलाला हे कळणार कसे? पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. सव्वीसमध्ये कानाचा आणि हाताचा जो क्रम जुळत नाही, तोच इथे डोळ्याचा आणि जिभेचा जुळत नाही. त्यात ‘र’ची रूपेच किती: प्रकाशातला वेगळा, राष्ट्रातला वेगळा, सूर्यातला वेगळा, दऱ्यांतला वेगळा. पालकांना या गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की मुलाचे अडखळणे त्यांना आळसासारखे दिसते. प्रत्यक्षात अडखळणारे मूल त्या क्षणी बरेच काम करत असते, आणि त्याला अर्धा मिनिट न टोकता थांबणे हीच मोठी मदत असते. शब्द लगेच आपण सांगून टाकला तर त्या अर्ध्या मिनिटातले काम आपण त्याच्या हातून काढून घेतो.

वाचनाच्या सरावासाठी राम मारुती रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांसारखे पुस्तक नाही. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाट्या बंधनकारक झाल्या आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरले, त्याचा एक अनपेक्षित लाभ प्राथमिक शाळेतल्या मुलांना झाला. ‘इलेक्ट्रिकल्स’, ‘ऑप्टिशियन’, ‘स्टेशनरी ॲण्ड जनरल स्टोअर्स’ असली जोडाक्षरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. आमच्या पिढीने बाराखडी म्हटली. लेकीच्या पुस्तकात ॲ आणि ऑ यांना जागा मिळून चौदाखडी झालेली आहे, कारण २००९ च्या शासननिर्णयाने हे दोन स्वर वर्णमालेत घेतले. ते कशासाठी घेतले हे त्या पाट्यांकडे बोट दाखवले की सांगावे लागत नाही. भाषाशुद्धीच्या दृष्टीने या पाट्या काही फार अभिमानाच्या नाहीत हे मला मान्य आहे, पण ‘ऑप्टिशियन’ पहिल्या दमात वाचता आल्याचा आनंद तिला ‘कमळ’ वाचल्यावर झालेला मी पाहिला नव्हता.

अर्थात अक्षरे फोडता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. धडा घडाघडा वाचून दाखवणाऱ्या मुलाला “मग त्या मुलाने छत्री का परत केली?” असे विचारले आणि त्याने पुन्हा पुस्तकात तोंड घातले, तर आवाज आला पण गोष्ट आली नाही असे समजावे. याला धड्याखालचे प्रश्न उपयोगी पडत नाहीत. त्यांची उत्तरे बहुधा धड्यातले एक वाक्य उचलून लिहिता येतात. उपयोगी पडते ते मोठ्यांनी वाचून दाखवणे, आणि मूल स्वतः वाचू लागल्यावरही वाचून दाखवणे. नेमके तेव्हाच बहुतेक घरांत ते बंद होते, ‘आता तुला येतं ना, मग तू वाच’ म्हणून. वास्तविक आठ वर्षांचे मूल स्वतः जेवढे वाचू शकते त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजू शकते, आणि पुढच्या इयत्तांतली वाक्ये समजायला लागणारे शब्द त्या ऐकण्यातूनच येतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे आणि सासरे त्याचे जुने सभासद आहेत. ते स्वतःसाठी आणलेल्या पुस्तकातलाच एखादा उतारा तिला वाचून दाखवतात, तो तिच्या वयाचा आहे की नाही याची फिकीर न करता. तिला त्यातले निम्मेच कळत असावे. तरीही ती हलत नाही.

गृहपाठावर फार शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असे स्पष्ट म्हटलेले आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज येणारी यादी पाहिली की ते धोरण कोणीतरी घडी घालून दप्तरातच विसरले असावे. प्रकल्पाच्या नावाखाली आया रात्री जे कापतात आणि चिकटवतात, त्यातून आयांची हस्तकला सुधारते. मुलाने स्वतः काढलेला वेडावाकडा तक्ता शाळेत न्यायला मी तरी लाजत नाही, आणि आजवर एकाही बाईंनी तो परत पाठवलेला नाही. झोपेच्या बाबतीत मात्र कडक राहावे लागते. बाबांची लोकल साडेआठला ठाण्यात येते, त्यानंतर घरात उत्सव असतो, आणि त्या उत्सवाच्या मधोमध राहिलेला गृहपाठ उघडणे म्हणजे दोन्हींचे वाटोळे करणे. राहिला तर राहू द्यावा आणि वहीत तसे लिहून द्यावे.

परिसर अभ्यासात घराला जेवढे करता येते तेवढे शाळेला करता येत नाही, कारण परिसर घराच्या बाजूला असतो. तिसरीचे हे पुस्तक आपापल्या जिल्ह्याचे असते, आणि त्यातल्या नकाशावरून आमच्याकडे एक खडाजंगी झाली. आजोबांनी हाताने ठाणे जिल्ह्याचा नकाशा काढून दिला तो थेट डहाणू-तलासरीपर्यंत गेला. लेकीच्या पुस्तकात ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ आणि उल्हासनगर एवढेच सात तालुके, आणि किनाऱ्याचा मोठा पट्टा गायब. “तुमचा चुकलाय” असे तिने आजोबांना सुनावले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले, म्हणजे आजोबांचा नकाशा त्यांच्या काळात बरोबर होता, हे कळल्यावर तिचा पुढचा प्रश्न नकाशा करणाऱ्यांना विचारण्यासारखा होता: “मग रेघ कोणी मारली? जमिनीवर मारलीय का?” आता कोपरखैरण्याच्या मावशीकडे जाताना ती गाडीच्या खिडकीतून ठाणे कुठे संपते आणि नवी मुंबई कुठे लागते ते शोधत असते. दोन महापालिकांमधली हद्द आहे, जिल्हा मात्र एकच, हे तिने तिथेच बसून एका अनोळखी आजींना समजावून दिले.

डहाणूचा विषय निघाला म्हणून सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, ते याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा ती का येत नाहीत हे या बायकांनी आधी पाहिले. मुले धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरे चारायला जात होती. मग शिक्षण त्यांच्या अंगणात गेले, आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. शिकवण्याचे साहित्य म्हणजे बिया, पाने, शिंपले, खडे. जे मुलांच्या हाताशी होते तेच. पुढे सरकारी बालविकास योजनेतून गावोगाव पोहोचलेल्या अंगणवाडीचे मूळ तिथे आहे. आमच्या दोन खोल्यांत ना अंगण ना कुरण, पण मूल येत नाही म्हणून त्याच्यावर न रागावता ते कशात गुंतले आहे हे आधी पाहण्याची त्यांची रीत चौथ्या मजल्यावरही चालते. वाणसामानाची यादी लिहायला लेक कधी कंटाळत नाही, शुद्धलेखनाचे पान म्हटले की तिचे पोट दुखते. म्हणून यादी तीच लिहिते. ‘शेंगदाणे’ आणि ‘साबुदाणा’ यांतला अनुस्वार कुठे आहे आणि कुठे नाही, याची तपासणी दुकानदार करतो, मी नाही.

एक गोष्ट सांभाळावी लागते. ‘कसं आलं?’ हा प्रश्न फक्त चुकलेल्या उत्तरावर विचारला, तर मूल चौथ्याच दिवशी तो ऐकताच खोडरबर उचलते. त्याला वाटते, आई विचारते आहे म्हणजे चुकले. म्हणून बरोबर आलेल्या उत्तरांवरही तो तेवढ्याच सहज विचारावा लागतो, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबावे लागते. कणीक मळता मळता विचारले तरी चालते. मोबाइलकडे पाहत विचारलेले चालत नाही. थकून आलेल्या दिवशी मी विचारतच नाही. खोटे कुतूहल मुलांना लगेच ओळखू येते.

सध्या आमच्या टेबलावर अपूर्णांक आले आहेत. १/४ मोठा की १/२, असे विचारल्यावर लेक बिनदिक्कत १/४ म्हणते, कारण चार दोनापेक्षा मोठे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना मात्र पाव किलो मिरच्या ही अर्ध्या किलोपेक्षा कमी गोष्ट आहे हे तिला पक्के माहीत असते. ही दोन ज्ञाने तिच्या डोक्यात शेजारी राहतात, पण त्यांची अजून ओळख झालेली नाही. सासऱ्यांचे म्हणणे, आता पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, सुरू करावेत. मी म्हणते, आधी तराजू. तडजोड म्हणून परवा ते तिच्यासमोर एक पोळी घेऊन बसले. अर्धी, मग पाव, मग पावाची अर्धी ती अदपाव, अदपावाची अर्धी ती छटाक. तिला ही उतरंड फार आवडली आणि छटाकाचा अर्धा किती हे तिने लगेच विचारले. त्याला काही नाव आजोबांना आठवेना, म्हणून त्यांनी कागदावर १/३२ असे लिहून दिले. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे, आणि ३२ एवढी मोठी संख्या असताना हा तुकडा इतका लहान कसा, यावर तिचे आणि शेजारच्या मुलाचे अजून एकमत झालेले नाही.